लिटल रॉक, १९५७: पुलित्झर कोणाला मिळालं आणि कोणाला नाही

तुम्ही विचारलंय की १९५०च्या दशकातल्या पुलित्झरना, म्हणजे अमेरिकेतल्या पत्रकारितेच्या मानाच्या पुरस्कारांना, खरंच वजन होतं, की वृत्तपत्रांनी एकमेकांची पाठ थोपटण्याचा तो प्रकार होता. माझ्या मते वजन होतं. पण ते कळायला विजेत्यांच्या यादीबरोबर यादीबाहेर राहिलेली नावंही वाचावी लागतात.

सुरुवात १९५३पासून करा. पुलित्झरमधलं लोकसेवेचं सुवर्णपदक त्या वर्षी नॉर्थ कॅरोलायनातल्या दोन छोट्या पत्रांना मिळालं: टेबर सिटी ट्रिब्यून आणि व्हाइटव्हिल न्यूज रिपोर्टर. हा मान याआधी दैनिकांचा. १९५०च्या उन्हाळ्यात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या मोटारींचा ताफा टेबर सिटीतून फिरला, तेव्हा ट्रिब्यूनच्या होरेस कार्टर यांनी लगेच विरोधात अग्रलेख लिहिला आणि पुढे तीनेक वर्षं पाठपुरावा सोडला नाही. ज्यांच्याविरुद्ध लिहायचं तेच वर्गणीदार आणि तेच जाहिरातदार, अशा गावात हे चाललं होतं. अखेर क्लॅनच्या शंभरावर लोकांना शिक्षा झाल्या.

पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते १९५८. सप्टेंबर १९५७मध्ये आर्कान्सा राज्याची राजधानी लिटल रॉक इथल्या, तोवर फक्त गोऱ्यांच्या असलेल्या सेंट्रल हायस्कूलमध्ये न्यायालयाच्या आदेशानुसार नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी प्रवेश घेणार होते. गव्हर्नर फॉबस यांनी त्यांना अडवायला नॅशनल गार्ड हे राज्याचं सैनिकी दल उभं केलं. आर्कान्सा गॅझेटचे संपादक हॅरी अ‍ॅशमोर यांनी ४ सप्टेंबरला पहिल्या पानावर अग्रलेख छापला आणि हे संकट फॉबस यांनीच ओढवलंय, असं स्पष्ट लिहिलं. गॅझेट काही क्रांतिकारी पत्र नव्हतं. न्यायालयाचा आदेश पाळला पाहिजे, एवढीच त्याची भूमिका होती. तेवढ्यावरही बहिष्कार पडला, खप हजारोंनी घसरला, जाहिराती गेल्या. मालक जे. एन. हाइस्केल तेव्हा ८५च्या घरात होते, तरी मागे हटले नाहीत. पुढच्या वर्षी लोकसेवेचं पदक गॅझेटला आणि अग्रलेखांसाठीचा पुरस्कार अ‍ॅशमोर यांना मिळाला. तो मान त्यांनी कमावलेला होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता त्याच शहरातलं दुसरं पत्र बघा. डेझी आणि एल. सी. बेट्स हे दांपत्य आर्कान्सा स्टेट प्रेस हे कृष्णवर्णीयांचं साप्ताहिक १९४१पासून चालवत होतं. त्या नऊ मुलांच्या पाठीशी डेझीबाई स्वतः उभ्या होत्या. जाहिरातदारांनी पाठ फिरवली आणि १९५९मध्ये पत्र बंद पडलं. गॅझेटने तोटा सोसला, स्टेट प्रेसने जीव गमावला. पुलित्झर मात्र त्यांच्या वाट्याला आलं नाही.

मेम्फिसच्या ट्राय-स्टेट डिफेंडरचे संपादक अ‍ॅलेक्स विल्सन यांची हकिगत तर वाचवत नाही. २३ सप्टेंबरला शाळेबाहेर जमावाने त्यांना लाथा घातल्या, डोक्यात वीट हाणली. ते पळाले नाहीत. जमाव त्यांच्यावर आणि त्यांच्यासोबतच्या कृष्णवर्णीय पत्रकारांवर तुटून पडला होता, तेव्हाच ती नऊ मुलं बाजूच्या दारातून शाळेत शिरली. विल्सन १९६०मध्ये वारले. ही मारहाण आणि त्या नऊंपैकी एकट्या चालत आलेल्या एलिझाबेथ एकफर्डमागे ओरडणारी गर्दी छायाचित्रकार विल काउंट्स यांनी टिपली. त्यांचं नामांकनही झालं होतं, पण १९५८चं छायाचित्रणाचं पुलित्झर मिरवणुकीच्या वेळी एका चिमुरड्याची समजूत घालणाऱ्या पोलिसाच्या फोटोला गेलं. फोटो गोड आहे, पण त्या वर्षीची निवड म्हणून मला तो आजही पटत नाही.

पत्रकारितेचं पुलित्झर पहिल्यांदा एका कृष्णवर्णीय व्यक्तीला मिळायला १९६९ उजाडावं लागलं: मोनेटा स्लीट, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीतल्या कोरेटा किंग यांच्या छायाचित्रासाठी. म्हणून अ‍ॅशमोर यांचे अग्रलेख जरूर वाचा, पण स्टेट प्रेसचे त्याच आठवड्यांचे अंक मिळाले तर ते आधी वाचा.