सल्लागाराचं ओपनरोड्समधलं रस्त्याचं डिझाइन सिव्हिल थ्रीडीत आणताना काय मागवायचं आणि काय तपासायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सल्लागाराने रस्त्याचं डिझाइन ओपनरोड्स डिझायनर या सॉफ्टवेअरमध्ये केलंय आणि तुम्ही कंत्राटदाराकडे सिव्हिल थ्रीडी या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम करता. त्यांनी पाठवलेलं डीडब्ल्यूजी, म्हणजे कॅड ड्रॉइंगची फाइल, उघडतं, रस्ताही दिसतो, पण सेंटरलाइनवर क्लिक केलं की नुसती पॉलिलाइन, म्हणजे तुकडे जोडून काढलेली रेघ. पुढच्या आठवड्यात साइटवर आखणी सुरू करायची आहे. तर त्या पॉलिलाइनवरूनच अलाइनमेंट (रस्त्याच्या मध्यरेषेची भूमिती) बनवावी, लँडएक्सएमएल (डिझाइन मजकुरात लिहिलेली देवाणघेवाणीची फाइल) मागवावी, की आता सगळे म्हणतात ती आयएफसी (थ्रीडी मॉडेलची देवाणघेवाणीची फाइल) मागवावी?

पॉलिलाइनवरून बनवू नका. लँडएक्सएमएल १.२ मागवा आणि तिच्याबरोबर हॉरिझॉन्टल व व्हर्टिकल अलाइनमेंटचे रिपोर्ट पीडीएफमध्ये मागवा. रिपोर्टशिवाय आलेली फाइल मी कामाला घेत नाही, मग साइटवरून कितीही फोन येवोत. याला कारण आहे.

२०१७ साली एका दुपदरी रस्त्याच्या चौपदरीकरणावर मी कंत्राटदाराकडे होते. आम्हालाही असंच डीडब्ल्यूजी मिळालं होतं. घाई होती, म्हणून आमच्याकडच्या मुलाने पॉलिलाइनवर सरळ रेषा बसवल्या, त्यांच्यामध्ये वर्तुळाकार कर्व्ह टाकले, त्रिज्या ड्रॉइंगवरच्या तक्त्यातून घेतल्या. स्क्रीनवर दोन्ही रेषा एकावर एक दिसत होत्या. आठ दिवसांनी आमचे सर्व्हेअर, चाळीसेक वर्षं हेच काम केलेला माणूस, ऑफिसात येऊन म्हणाले, "मॅडम, सरळीत जुळतंय, पण वळणात पळतंय." त्या एका वाक्यात सगळं निदान होतं, फक्त मला ते कळायला दोन दिवस लागले. ट्रान्झिशन कर्व्ह, म्हणजे सरळ रस्ता आणि गोल वळण यांना जोडणारे हळूहळू वळत जाणारे भाग, गळले होते.

हिशोब करून बघा. त्रिज्या ४०० मीटर, ट्रान्झिशनची लांबी ६० मीटर, वळणाचा कोन ४० अंश. ट्रान्झिशन घातल्यावर गोल कर्व्ह आतल्या बाजूला सरकतो, त्याला शिफ्ट म्हणतात, आणि ती लांबीचा वर्ग भागिले चोवीसपट त्रिज्या इतकी असते. म्हणजे ३६०० भागिले ९६००, ०.३७५ मीटर. वळणाच्या मध्यावर फरक जवळपास ४० सेंटिमीटरचा होतो. शिवाय रस्त्याची लांबीही बदलते: याच वळणात साधारण २६ सेंटिमीटर. अशी दहा वळणं झाली की पुढचं चेनेज, म्हणजे सुरुवातीपासून रस्त्यावरून मोजलेलं अंतर, अडीच मीटरहून जास्त सरकलेलं असतं. मोरी ज्या चेनेजला दाखवली आहे तिथे नाला नसतो, आणि मग साइटवरची मंडळी नाल्याला दोष देतात.

डीडब्ल्यूजीत हे का हरवतं? ट्रान्झिशनचा वक्रपणा प्रत्येक मीटरला बदलत जातो. साध्या कॅडच्या पॉलिलाइनला सरळ तुकडा कळतो, वर्तुळाचा कंस कळतो, क्लोथॉइड, म्हणजे ट्रान्झिशनचा हा आकार, कळत नाही. त्यामुळे एक्स्पोर्ट करताना त्याचे बारीक सरळ तुकडे पडतात. डोळ्याला वळण गुळगुळीत दिसतं, पण "इथून इथपर्यंत ६० मीटरचा क्लोथॉइड" ही माहिती फाइलीत उरत नाही. उलट दिशेनेही हेच होतं. सिव्हिल थ्रीडीचं डीडब्ल्यूजी दुसऱ्या कोणाला तसंच दिलं, तर त्याला अलाइनमेंटच्या जागी रिकाम्या चौकटी किंवा काहीच दिसत नाही, आणि साध्या ऑटोकॅडमध्ये एक्स्पोर्ट करून दिलं तर पुन्हा रेघाच हातात येतात.

लँडएक्सएमएलमध्ये हीच गोष्ट मजकुरात लिहिलेली असते. फाइल नोटपॅडमध्ये उघडता येते, आणि ती उघडायची सवय तुम्ही लावून घ्याच. अलाइनमेंटच्या भागात लाइन, स्पायरल, कर्व्ह, स्पायरल, लाइन असा क्रम दिसला पाहिजे; स्पायरल म्हणजे ट्रान्झिशनच. स्पायरलपुढे प्रकार क्लोथॉइड, एका टोकाची त्रिज्या अनंत, दुसऱ्या टोकाची कर्व्हइतकी. स्पायरल हा शब्द शोधून एकदाही सापडला नाही आणि रस्त्याला वळणं असली, तर फाइल तिथल्या तिथे परत पाठवा. लँडएक्सएमएलची १.२ ही आवृत्ती २००८ची आहे, त्यानंतर हा फॉरमॅट फारसा पुढे सरकला नाही. तरी आजही ओपनरोड्स, सिव्हिल थ्रीडी, टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं सर्व्हेचं यंत्र) आणि ग्रेडरवरची मशीन कंट्रोल यंत्रणा या सगळ्यांना समजणारा हाच एक धागा आहे.

व्हर्टिकल प्रोफाइलची गोष्ट सोपी आहे. प्रत्येक व्हीआयपीचं (दोन चढ-उतारांच्या रेषा मिळतात त्या बिंदूचं) चेनेज, लेव्हल आणि पॅराबोलाची लांबी आली की झालं. दर १० मीटरला एक व्हीआयपी आणि कर्व्हची लांबी कुठेच नाही असं दिसलं, तर कोणीतरी डिझाइनऐवजी त्यावरून काढलेल्या लेव्हलच पाठवल्या आहेत असं समजा.

सुपरएलिव्हेशनसाठी, म्हणजे वळणावर रस्त्याला दिलेल्या एकतर्फी उतारासाठी, मात्र लँडएक्सएमएलवर विसंबू नका. त्यात जागा आहे, पण फिरवण्याचा अक्ष कुठला, वळणावरचं जादा रुंदीकरण कुठल्या बाजूला, हे दोन्ही सॉफ्टवेअर आपापल्या पद्धतीने मांडतात. साधा एक्सेल तक्ता मागवा: चेनेज, डावा कॅम्बर (आडवा उतार), उजवा कॅम्बर, डावी रुंदी, उजवी रुंदी. तो हाताने भरायला अर्धा दिवस जातो. जाऊ द्या.

कॉरिडॉर, म्हणजे अलाइनमेंटवर रस्त्याचा छेद फिरवून बनवलेलं मॉडेल, येत नाही. हा छेद ठरवणारं ओपनरोड्सचं टेम्प्लेट आणि सिव्हिल थ्रीडीची असेंब्ली या दोन वेगळ्या घरांतल्या चुली आहेत, एकीचं सरपण दुसरीत लागत नाही. येतो तो त्यांचा परिणाम: वरचा पृष्ठभाग, सबग्रेडचा (रस्त्याच्या थरांखालच्या मातीचा) पृष्ठभाग, कडेच्या रेषा, क्रॉस सेक्शन. आखणी आणि भरावाच्या बिलासाठी तेवढं पुरतं. डिझाइनमध्ये तुम्हालाच बदल करायचे असतील तर असेंब्ली नव्याने बांधावी लागेल, आणि बांधल्यावर तुमचा सबग्रेड त्यांच्या सबग्रेडवर ठेवून फरक तपासावा लागेल. मी दोन पृष्ठभागांमधलं व्हॉल्यूम काढते आणि ते शून्याजवळ येईपर्यंत पुढे जात नाही.

जमिनीच्या मूळ पृष्ठभागाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण पैशाचं भांडण इथेच होतं. लँडएक्सएमएलमध्ये बिंदू असतात आणि कुठले तीन बिंदू मिळून त्रिकोण होतो तेही असतं. घेणाऱ्याने फक्त बिंदू घेतले आणि त्रिकोण नव्याने पाडू दिले, तर त्रिकोणांच्या बाजू उलटतात. सपाट माळावर त्याने काही बिघडत नाही. नाल्याच्या काठावर बिघडतं. एका काठावरचा बिंदू पलीकडच्या काठाशी जोडला जातो आणि नाल्यावर जणू पत्रा टाकला जातो. मग तिथला भराव कागदावर कमी होतो. तो प्रत्यक्षात टाकलेला असतो, मुरूम आणलेला असतो, आणि बिलात दाखवता येत नाही. म्हणून त्रिकोणांसकट मागवा, ब्रेकलाइन (काठासारख्या, त्रिकोणांनी ओलांडू नये अशा रेषा) आणि बाहेरची हद्दही मागवा. आल्यावर त्यांच्या रिपोर्टमधले चार आकडे जुळवा: बिंदू किती, त्रिकोण किती, सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची लेव्हल. लायडारचा (लेझरने लाखो बिंदू टिपणारा) सर्व्हे असेल तर फाइल तुकड्यांत घ्या. दहा लाख बिंदूंची एक्सएमएल शंभर एमबीच्या वर सहज जाते.

आता को-ऑर्डिनेट. लँडएक्सएमएलमध्ये प्रत्येक बिंदूचा नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर) आधी येतो, ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर) नंतर. सर्व्हेअरच्या सीएसव्हीत बहुधा उलटं असतं. आपल्याकडे ही अदलाबदल ओळखणं सोपं आहे: यूटीएममध्ये, म्हणजे पृथ्वीचे उभे झोन पाडून मीटरमध्ये को-ऑर्डिनेट देणाऱ्या प्रणालीत, पुण्याचा नॉर्दिंग साधारण २०,४६,००० म्हणजे सात आकडी आणि ईस्टिंग ३,७९,००० म्हणजे सहा आकडी. सात आकडी संख्या ईस्टिंगच्या रकान्यात दिसली की थांबायचं.

विदर्भात काम असेल तर झोन विचारून घ्या. ७८ अंश रेखांशाला यूटीएमचा ४३ क्रमांकाचा झोन संपतो आणि ४४ सुरू होतो. अमरावती ४३ मध्ये, वर्धा आणि नागपूर ४४ मध्ये. ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ही रेषा ओलांडतो. त्या रेषेवरच्या एकाच बिंदूचा ईस्टिंग एका झोनमध्ये सुमारे ८,१३,००० आणि दुसऱ्यात १,८७,००० येतो.

पण या चुका ढोबळ आहेत, पहिल्या पाच मिनिटांत दिसतात. मला जास्त भीती स्केल फॅक्टरची, म्हणजे ग्रिडवरचं अंतर आणि जमिनीवरचं अंतर यांच्या गुणोत्तराची, वाटते. यूटीएमवरचं अंतर आणि टेपने जमिनीवर मोजलेलं अंतर एक नसतं. झोनच्या मध्यरेषेवर ग्रिडवरचं किलोमीटर ४० सेंटिमीटरने आखूड असतं, मध्यरेषेपासून दूर जाताना हा फरक घटत जातो, आणि समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा परिणाम त्यात वेगळा मिसळतो. पुण्याच्या परिसरात दोन्ही धरून फरक किलोमीटरमागे सुमारे ३० सेंटिमीटर येतो. वीस किलोमीटरच्या पॅकेजला सहा मीटर! सल्लागाराने यूटीएमवर डिझाइन केलं आणि तुमच्या सर्व्हेअरने टोटल स्टेशनमध्ये स्केल फॅक्टर १ ठेवून ट्रॅव्हर्स (एका बिंदूवरून पुढचा बिंदू मोजत जाणारी साखळी) पुढे नेला, तर फाइल निर्दोष असूनही रस्ता हळूहळू सरकत जातो. म्हणून सर्व्हेअरकाकांसारखं विचारायला शिका: चूक नेमकी कुठे वाढते? फक्त वळणात वाढत असेल तर ट्रान्झिशन, अंतराबरोबर सतत वाढत असेल तर स्केल, सगळीकडे सारखी असेल तर बेंचमार्क (लेव्हल माहीत असलेला पक्का बिंदू) किंवा मूळ बिंदू.

अजून एक, फार कमी लोक सांगतात म्हणून. काही बघायचे प्रोग्राम आणि ग्राफिक कार्डं आकडे ३२ बिटांत ठेवतात. त्यात पुण्याच्या नॉर्दिंगची सगळ्यात लहान पायरी १२.५ सेंटिमीटरची पडते आणि नाशिकच्या नॉर्दिंगची २५ सेंटिमीटरची. पुलाचं मॉडेल यूटीएमवर ठेवल्यावर कडा थरथरताना दिसतात त्या यामुळेच. पुलाच्या टीमला मोठा आकडा वजा करून छोटे स्थानिक को-ऑर्डिनेट द्यायचे असतील तर द्या, पण वजा केलेला आकडा फाइलीच्या नावातच लिहा.

आयएफसीबद्दल. आयएफसी ४.३ मध्ये अलाइनमेंट, रस्ता, रेल्वे, पूल हे सगळं व्यवस्थित आलंय आणि २०२४ साली ते आयएसओ १६७३९-१ म्हणून प्रसिद्धही झालं. दोन्ही सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांमध्ये त्याची सोय आहे. पुढचा रस्ता तोच, याबद्दल मला शंका नाही. पण तुमची आखणी पुढच्या आठवड्यात आहे आणि तुमच्या टोटल स्टेशनला लँडएक्सएमएल लागते. आयएफसी मॉडेल बघायला आणि पुला-पाइपांशी टक्कर तपासायला मागवा. जुन्या आयएफसी २x३ मधून आलेला रस्ता हा नुसता घनाकृतींचा ढीग असतो, त्यातून अलाइनमेंट काढायच्या नादी लागू नका.

सल्लागाराला मेल असा लिहा: "मेन कॅरेजवे आणि सर्व्हिस रोडच्या अंतिम अलाइनमेंट व प्रोफाइल लँडएक्सएमएल १.२ मध्ये, एकक मीटर. मूळ जमीन आणि सबग्रेडचे पृष्ठभाग त्रिकोणांसह. सुपरएलिव्हेशनचा तक्ता एक्सेलमध्ये. को-ऑर्डिनेट प्रणाली, झोन, स्केल फॅक्टर आणि वापरलेल्या बेंचमार्कची यादी. हॉरिझॉन्टल व व्हर्टिकल रिपोर्ट. आणि दर ५०० मीटरला सेंटरलाइनचे ईस्टिंग, नॉर्दिंग व फिनिश लेव्हल." चेनेज इक्वेशन, म्हणजे एकाच जागी चेनेजचा आकडा तुटून नवा सुरू होण्याची नोंद, असेल तर तेही विचारा. जुन्या किलोमीटर दगडांशी जुळवलेल्या रस्त्यांवर ते हमखास असतं आणि इम्पोर्टमध्ये गळू शकतं.

फाइल आली की कोऱ्या ड्रॉइंगमध्ये, एकक मीटर ठेवून, आधी एकच अलाइनमेंट आणा. सगळ्यात तीव्र वळण निवडा. ट्रान्झिशनची सुरुवात, गोल कर्व्हची सुरुवात, त्याचा शेवट, ट्रान्झिशनचा शेवट, असे चार बिंदू रिपोर्टशी ताडा. माझी मर्यादा को-ऑर्डिनेटला ५ मिलिमीटर आणि शेवटच्या चेनेजला १० मिलिमीटर. त्याहून जास्त फरक दिसला तर कारण सापडेपर्यंत साइटला काही देत नाही.

तुमचा सर्व्हे यूटीएमवर आहे की स्थानिक ग्रिडवर ते प्रश्नात लिहिलेलं नाही, ते कळवा. आणि त्या एका वळणाचे चार बिंदू दोन्हीकडचे इथे टाका, मी ताडून सांगते.