पहिल्यांदा हमामला जाताय? एवढं सांभाळा

इस्तंबूलला जाताय तर हमाम, म्हणजे तिथलं गरम वाफेचं सार्वजनिक स्नानगृह, चुकवू नका. चेंबर्लिताश हमाम १५८४चा आहे, घुमटाखाली आडवं होण्यातच निम्मं सुख आहे.

नवखे घाई करतात, तिथेच चुकतं. पेश्तेमाल, म्हणजे पातळ सुती पंचा, गुंडाळून मधल्या गरम संगमरवरी ओट्यावर पंधरा-वीस मिनिटं नुसते पडून राहा. अंग नीट घामेजलं की मगच केसे, म्हणजे तो खरखरीत हातमोजा, काम करतो. मळाच्या वळ्या निघतील. लाजू नका, सगळ्यांच्याच निघतात.

- भरपेट जेवून जाऊ नका.
- आदल्या दिवशी वॅक्सिंग नको, फार झोंबतं.
- घासणाऱ्याने जोरात घासलं तर ‘यावाश’ (तुर्कीत ‘हळू’) म्हणा, हात हलका करतील.

तेलाचा लांबलचक मसाज पुढच्या खेपेला. आधी फेसाचाच घ्या, पुरेसा होतो.