सहनशील की सहिष्णू?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या मंडळाच्या स्मरणिकेत एक वाक्य आलंय : ‘बडोद्याचा मराठी माणूस दुसऱ्याच्या धर्माबाबत आणि मतांबाबत सहनशील आहे.’ मुद्रितं तपासताना त्या इथे अडखळल्या. ‘सहनशील’ चालेल की ‘सहिष्णू’ हवं? सहिष्णू लिहायचं तर उकार पहिला की दुसरा? आणि शाळकरी मुलांना कळेल असा याहून सोपा शब्द आहे का?

ताई, सहनशील चालणार नाही. छपाईला जायच्या आधी बदला. दाढदुखी, मे महिन्यातलं ऊन, वरच्या मजल्यावरची ठाकठूक यांच्या बाबतीत माणूस सहनशील असतो. शेजाऱ्याची श्रद्धा ही दाढदुखी नाही.

हा घोटाळा हल्ली फार वाढलाय. ‘आम्ही इतकी वर्षं सहन केलं, हीच आमची सहिष्णुता’ हे वाक्य व्यासपीठावरून ऐकलं नाही असं वर्ष जात नाही. त्यात भर म्हणून ‘भ्रष्टाचाराबाबत शून्य सहिष्णुता’. हे इंग्रजीचं भाषांतर आहे आणि वाईट आहे. मराठीत ‘गय केली जाणार नाही’ आहे, ‘खपवून घेणार नाही’ आहे, ‘मुलाहिजा ठेवणार नाही’ आहे. लाचखोराच्या संदर्भात सहिष्णुतेचं नावच काढायचं कारण नाही. तिसरी तऱ्हा प्रवचनातली : ‘सह म्हणजे सोबत, म्हणून सहिष्णू म्हणजे सर्वांसोबत राहू इच्छिणारा.’ ऐकायला गोड आहे, पण चूक आहे. ‘सह नाववतु’मधला ‘सह’ हे अव्यय आहे. सहिष्णूमध्ये आहे तो सह् हा धातू. दोघांचा संबंध जोडायला व्याकरणात कसलाही आधार नाही.

आता मूळ गंमत. पाणिनीचं एक सूत्र आहे, तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादातलं १३६ वं. काही मोजक्या धातूंना ‘इष्णुच्’ प्रत्यय लागतो, असं ते सांगतं. यादीच्या शेवटी येतात वृध्, सह् आणि चर्. वृध् पासून वर्धिष्णु, सह् पासून सहिष्णु, चर् पासून चरिष्णु. वर्धिष्णु कुठे भेटतो हे मराठी माणसाला सांगायला नको. ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता’, शिवछत्रपतींची राजमुद्रा. तिथला वर्धिष्णु आणि आपला सहिष्णु सूत्रात एकमेकांना खेटून बसलेत, एकाच प्रत्ययाचे भाऊ.

आणि तो प्रत्यय कोणत्या अर्थाने लागतो? दोन सूत्रं मागे जा. १३४ व्या सूत्रात तीन अर्थ दिलेत : तच्छील, तद्धर्म, तत्साधुकारी. ज्याचा तसा स्वभाव आहे तो, जो ते आपलं कर्तव्य समजतो तो, आणि जो ते उत्तम रीतीने करतो तो. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. ‘सहनशील’मध्ये नुसतं शील आहे, म्हणजे तिघांतला पहिला अर्थ. जात्याच थंड माणूस सहनशील असतो, त्यात त्याची कमाई काही नाही. ‘सहिष्णू’मध्ये उरलेले दोन्ही येतात. डोक्याने तापट असलेला माणूसही सहिष्णू असू शकतो, कारण समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घेणं हा तो आपला धर्म मानतो, आणि सरावाने ते त्याला नीट जमायलाही लागतं. बहुतेक कोश ‘सहन करणारा’ एवढं लिहून मोकळे होतात. एवढं सुंदर सूत्र हाताशी असताना हा आळस मला पटत नाही.

बरं, सह् म्हणजे तरी काय? सोसणं हा त्याचा नंतरचा अर्थ. वेदात सह् म्हणजे जिंकणं, वरचढ ठरणं. सहस् म्हणजे बळ. अग्नीला ‘सहसः सूनुः’ म्हणतात, बळाचा पुत्र. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या १४५ व्या सूक्तात एक स्त्री सवतीवर मात करण्यासाठी वनस्पती खणून काढते आणि त्या वनस्पतीला म्हणते, ‘अहमस्मि सहमानाथ त्वमसि सासहिः’. ही ‘सहमाना’ आपण आज वाचली तर डोळ्यांपुढे पदर डोळ्यांना लावून बसलेली सोशीक सून येईल. ती म्हणतेय, मी जिंकणारी आहे आणि तूही जिंकणारी आहेस. त्याच ऋचेत पुढे ‘सहस्वती’ आहे, ‘सहावहै’ आहे, म्हणजे चला, आपण दोघी मिळून सवतीला हरवू. एका ऋचेत चार वेळा सह्, आणि एकदाही सोसणं नाही! आपल्या रोजच्या बोलण्यातले साहस आणि उत्साह याच घरचे. ‘तो सहसा येत नाही’मधला सहसासुद्धा सहस् ची तृतीयाच आहे, मूळ अर्थ ‘जोराने, एकाएकी’. जर्मनमध्ये विजयाला ‘झीग’ म्हणतात, तोही याच कुळातला. जिंकणं, मग समोर पाय रोवून उभं राहणं, मग सोसणं, असा हा अर्थ सरकत आलाय.

हे एकट्या सह् चं असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण अमरकोशाची, म्हणजे संस्कृतातल्या समानार्थी शब्दांच्या जुन्या कोशाची, ओळ पाहा : ‘सहिष्णुः सहनः क्षन्ता तितिक्षुः क्षमिता क्षमी’. यात धातू तीनच आहेत, सह्, तिज् आणि क्षम्. तिज् म्हणजे धार येणं. तीक्ष्ण, तेज हे त्याचेच, आणि तितिक्षा, म्हणजे सोसण्याची वृत्ती, तीही त्याचीच. क्षम् पासून क्षमा येते, तशीच क्षमता आणि सक्षमही येतात. बडोद्यात गुजराती शेजारी सोसण्याला ‘खमवुं’ म्हणतात तोही हाच धातू. संवत्सरीला, म्हणजे क्षमा मागायच्या दिवशी, जैन मंडळी ‘खामेमि सव्वजीवे’ म्हणतात त्यातही तोच. बळ, धार, कुवत! दुसऱ्याचं वेगळेपण मानून घेण्याला संस्कृतने जे शब्द दिले त्या सगळ्यांच्या मुळाशी सामर्थ्य आहे. शब्दाचा अर्थ वापरावरून ठरतो, मुळावरून नाही, असं भाषाशास्त्रवाले म्हणतील. वापर एकाच दिशेने तीन वेळा सरकला, तर का सरकला ते विचारायचं की नाही?

आता गांधीजींशी भांडण. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी सांगितलंय की सहिष्णुता हा ‘टॉलरन्स’ या इंग्रजी शब्दाचा अनुवाद आहे आणि तो आपल्याला आवडत नाही, कारण त्यात दुसऱ्याचा धर्म आपल्याहून कमी आहे असं गृहीत धरलं जातं. काकासाहेब कालेलकरांनाही तो रुचला नव्हता. त्यांनी ‘आदर’ सुचवला, तोही गांधीजींना पटला नाही, आणि ‘सर्वधर्मसमभाव’ ठरला. काकासाहेब म्हणजे आमच्या बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात १९१० च्या सुमारास शिकवलेला मराठी माणूस, त्यांच्याबद्दल मला आपलेपणा आहे. तरी सांगतो, दोघांचंही निदान चुकलं. ‘टॉलरन्स’च्या लॅटिन मुळात ओझं वाहणं आहे, तर दोष त्या शब्दाचा. पाणिनीच्या शब्दाला त्याची शिक्षा का? शिवाय समभाव धर्मांना शोभतो, मतांना नाही. मला साफ चूक वाटणाऱ्या मताबद्दल मी समभाव कुठून आणू? ते मत मांडायचा समोरच्याचा हक्क मात्र मी राखू शकतो, आणि राखलाच पाहिजे. त्यासाठी सहिष्णुताच लागते.

आणि जिथे बळ नाही, निवडच नाही, तिथे हा शब्द वापरू नये. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी इथे आले. राहायला जागा कोणी देईना. जात लपवून पारशी धर्मशाळेत उतरले, तर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढलं. त्या दिवशी ते कमाटी बागेत बसून राहिले. बडोद्यातल्या मराठी घरांची दारंही त्यांना बंदच होती. त्यांनी भोगलं त्याला सहिष्णुता म्हणणं हा अन्याय आहे. ते सोसणं होतं, लादलेलं. सहिष्णुता दाखवायची होती ती दारं ज्यांच्या हातात होती त्यांनी, आणि त्यांनी ती दाखवली नाही. म्हणून ताई, स्मरणिकेतल्या त्या वाक्यातल्या ‘आहे’लाही माझी हरकत आहे. आपण सहिष्णू आहोत हे आपणच छापू नये. ‘असावा’ लिहा.

उकाराचं : संस्कृतात सहिष्णु, पण मराठीत शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ, म्हणून सहिष्णू, परमतसहिष्णू. पुढे ‘ता’ लागला की ऱ्हस्व, सहिष्णुता, जसं मृदू आणि मृदुता. ‘सहिष्णूता’ ही घोडचूक, कुठेही दिसली तरी खोडा. आणि मुलांसाठी सोपा शब्द म्हणून ‘सोशीक’ मुळीच देऊ नका. राजमुद्रा त्यांना पाठ असते. त्यातला वर्धिष्णु शिकवताना त्याच्या शेजारी सहिष्णू लिहून द्या, पोरं घेतील बरोबर.