आजोबांची जुनी लाकडी शिडाची होडी कोकणातून पुण्यात आणून दुरुस्त करावी का, की सरळ नवीन बांधावी?

पुण्यात आणू नका. दुरुस्त मात्र नक्की करा, पण तिथेच, खाडीच्या काठावर. तुम्ही लिहिलंय की ती बरीच वर्षं बाहेर पडून आहे, फळ्यांमधे फटी पडल्यात आणि इथे पार्किंगमधे शेड टाकून काम करायचं डोक्यात आहे. शेडला काही हरकत नाही हो, भानगड हवेची आहे.

फळ्या जोडून बांधलेल्या होडीचे सांधे पाण्यात फळ्या फुगल्यावरच नीट बंद होतात. वाड्यांचे दरवाजे पावसाळ्यात फुगून लागेनासे होतात ना, तेच इथे आपल्या कामाला येतं. पुण्याच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत उलटं होणार, फळ्या अजून आकसणार, तडकणार, फटी रुंद होणार आणि मग लोक घाबरून त्यात पुट्टी नाहीतर इपॉक्सी (वाळून कडक होणारा रेझिनचा गोंद) ठासून भरतात, ते तर अजिबातच करू नका, कारण होडी पाण्यात गेल्यावर फळ्यांना फुगायला जागाच उरत नाही आणि एकतर कडा चेचतात नाहीतर खिळे ढिले होतात. तिथे असाल तर आधी ओली पोती टाकून ठेवा, वरून सावली करा, लाकूड हळूहळू पाणी धरू दे, मग फटीत कापूस भरायचं काम जाणत्या माणसाकडून करून घ्या.

त्याच्याही आधी एक टोच्या घेऊन आतून तपासा. पावसाचं पाणी कुठे साचत असेल ते बघा, कण्याच्या (तळाच्या मधोमध जाणाऱ्या लांब तुळईच्या) दोन्ही बाजूंना, बसायच्या फळ्यांखाली, मागच्या कोपऱ्यात. लाकूड कुजतं ते जास्त करून गोड्या पाण्याने, खारं पाणी बुरशीला मानवत नाही (खाऱ्या पाण्यातले लाकूड पोखरणारे किडे हा वेगळा ताप, त्यांच्यासाठी पाण्याखालचा भाग बघा). टोच्या सहज आत गेला तर तेवढी फळी बदलायची, पण सगळ्या फळ्या एकदम काढू नका, होडीचा आकार जातो. खालून टेकू द्या, एक काढा, ती बसवा, मग पुढची.

खिळ्यांबद्दल जरा जास्त सांगतो कारण इथेच लोक पैसे वाचवतात. लोखंडी खिळा गंजला की त्याच्याभोवतीचं लाकूड काळं आणि भुसभुशीत होतं, मग नवीन खिळा तिथे धरतच नाही. तांब्याचा खिळा वापरा. आधी बारीक भोक पाडायचं, खिळा बाहेरून आत ठोकायचा, आतल्या टोकावर तांब्याची छोटी चकती चढवायची, उरलेलं टोक कापायचं आणि बाहेरून कोणीतरी जड लोखंड दाबून धरलेलं असताना हलक्या हातोडीने ते चकतीवर पसरवायचं. माणसं दोन लागतातच. चकत्या मी कसब्यातल्या तांबट आळीतून करून घेतल्या, छान झाल्या.

एवढं करून टिकेल का, असंही विचारलंय. मुंबईत वाडियांनी सागवानात बांधलेलं, 1817 मधे पाण्यात उतरवलेलं 'ट्रिंकोमाली' हे जहाज इंग्लंडमधे हार्टलपूलला आजही तरंगतंय. दुरुस्त्या झाल्यात त्याच्या, पण म्हणूनच तर आहे.

पुण्यातल्या शेडमधे हात चालवायचेच असतील तर प्लायची छोटी नवी होडी बांधा, प्लाय फळीसारखा फुगत-आकसत नाही. 'मिरर' नावाची साधारण 3.3 मीटरची होडी अशीच असते, तुकडे कापायचे, तांब्याच्या तारेने शिवायचे, सांधे इपॉक्सी आणि फायबरग्लासच्या पट्टीने पक्के करायचे. टिंबर मार्केटमधे प्लाय घेताना आयएस 710 चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का बघूनच घ्या, नुसतं 'वॉटरप्रूफ आहे साहेब' ऐकून नको. इपॉक्सीचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका, पावसाळ्यातल्या दमटपणात वर चिकट थर येतो आणि तो धुऊन काढल्याशिवाय पुढचा हात धरत नाही. खडकवासल्यात उतरवायची असेल तर आधी पाटबंधारे खात्याकडे परवानगीचं विचारून घ्या.

होडीचे आतले, कण्याजवळचे फोटो टाका. कुठली फळी ठेवायची, कुठली नाही ते बघून सांगतो.