राष्ट्रीय युवा वाद्यवृंद : सुट्टीत एकत्र येणारी मुले

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन शिकते. तिच्या शिक्षकांनी 'नॅशनल यूथ ऑर्केस्ट्रा'चा उल्लेख केला. ऑर्केस्ट्रा म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे रंगमंदिरातला सिनेगीतांचा कार्यक्रम उभा राहतो. हा प्रकार नेमका काय आहे आणि तो कोणी सुरू केला?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्याकडे ऑर्केस्ट्रा या शब्दाला गायकामागे बसलेल्या वादकांचा अर्थ चिकटला असल्याने आपला गोंधळ स्वाभाविक आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीतातील वाद्यवृंद बहुतेक वेळा गायकाशिवायच वाजतो, आणि त्यातील व्हायोलिन, चेलो, बासरी, तुतारी, नगारे यांच्या प्रत्येक गटाला आपला वेगळा, लिहून दिलेला भाग असतो.

राष्ट्रीय पातळीवरचा असा पहिला युवा वाद्यवृंद म्हणून वेल्सचे नाव घेतले जाते. दुसरे महायुद्ध संपले त्याच वर्षी, १९४५ मध्ये, अर्विन वॉल्टर्स यांनी तो स्थापन केला. पुढे संपूर्ण ब्रिटनसाठी रूथ रेल्टन या संगीतशिक्षिकेने हेच काम हाती घेतले. देशभर हिंडून त्यांनी मुलांचे वादन ऐकले, त्यातून निवड केली, आणि एप्रिल १९४८ मध्ये बाथ या शहरात या मुलांचा पहिला कार्यक्रम झाला. ब्रिटनमध्ये तेव्हा रेशनिंग चालू होते. ते पुरते उठायला १९५४ साल उजाडावे लागले. अशा दिवसांत गावोगावची मुले वाद्ये घेऊन एकत्र राहायला येत होती, याचे मला आजही अतिशय अप्रूप वाटते. रेल्टनबाईंनी १९६५ पर्यंत ही धुरा वाहिली.

हे सारे का करावे लागले, हे समजून घेण्यासाठी आपल्या संगीताशी तुलना उपयोगी पडते. आपला सतारवादक तानपुरा आणि तबला सोबतीला असले की तीन तासांची मैफल एकट्याच्या बळावर उभी करतो. त्यामुळे लहान गावातला विद्यार्थीही चांगला गुरू मिळाला तर पूर्णत्वाला पोहोचू शकतो. याउलट एखाद्या खेड्यात एकच मुलगा ओबो हे सनईसारखे फुंकवाद्य वाजवत असेल, तर तो कितीही तयार झाला तरी त्याच्या हाती मोठ्या रचनेचा एक धागाच असतो, आणि बाकीचे धागे कानावर पडल्याशिवाय आपला धागा कुठे गुंफायचा हे त्याला कळत नाही. व्हायोलिनच्या शिकवणीत न मिळणारी गोष्ट नेमकी हीच आहे. म्हणूनच ब्रिटनमधील या वाद्यवृंदाने वर्षभर चालणारी शाळा न काढता शाळांच्या सुट्ट्यांत निवासी शिबिरे घेण्याची पद्धत ठेवली. तेरा ते एकोणीस वयाची सुमारे १६० मुले त्यात असतात. व्यावसायिक वाद्यवृंदात साधारणपणे शंभराच्या आसपास वादक असतात, हे लक्षात घेतले की या मेळाव्याचा आकार ध्यानात येईल. पुढे बर्लिन फिलहार्मोनिक या जर्मनीतील नामवंत वाद्यवृंदाचे प्रमुख संचालक झालेले सायमन रॅटल किशोरवयात याच वाद्यवृंदात तालवाद्ये वाजवीत असत. तालवाद्य वाजवणाऱ्याला कित्येकदा शंभरेक आवर्तने नुसती मोजत थांबावे लागते आणि मग एकच आघात अचूक जागी करावा लागतो. सगळा वाद्यवृंद ऐकण्याची याहून चांगली जागा मला तरी दिसत नाही.

या कल्पनेची पुढची रूपे वेगवेगळी आहेत. व्हेनेझुएलात अर्थतज्ज्ञ होझे आंतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ मध्ये मूठभर तरुण वादकांना घेऊन सुरुवात केली, आणि त्यातून गरीब वस्त्यांतील मुलांना वाद्य हाती देणारी देशव्यापी चळवळ उभी राहिली. आपल्याला जवळचे उदाहरण मेहली मेहता यांचे आहे. १९३५ मध्ये मुंबईत सिंफनी वाद्यवृंद उभारणारे हे व्हायोलिनवादक, म्हणजेच झुबिन मेहता यांचे वडील, पुढे अमेरिकेत स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये लॉस एंजेलिस येथे त्यांनी तरुणांचा वाद्यवृंद स्थापन करून तीन दशकांहून अधिक काळ सांभाळला. तो राष्ट्रीय नव्हता, पण उद्देश तोच होता.

आपल्या मुलीसाठी माझे सांगणे एवढेच की, निवडीची वाट न पाहता तिला आजच आणखी दोन-तीन विद्यार्थ्यांबरोबर वाजवायला बसवा.

प्रश्न : अशा वाद्यवृंदाच्या चित्रफितींत दोन व्हायोलिनवादक एकाच स्टँडवरची वही पाहून वाजवताना दिसतात. पान कोण उलटतो?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : प्रेक्षकांपासून दूर, आतल्या बाजूला बसलेला वादक उलटतो. त्या क्षणी तो वाजवणे थांबवतो आणि बाहेरच्या बाजूचा वादक सूर चालू ठेवतो. नव्याने आलेल्या मुलांना हे आधी जमत नाही. पान लवकर उलटले तर जोडीदाराच्या शेवटच्या ओळी दिसेनाशा होतात, उशीर झाला तर पुढचा सूर हुकतो. त्यामुळे आतल्या वादकाला जोडीदाराची नजर कुठवर पोहोचली आहे याचाही अंदाज ठेवावा लागतो.