हुकलेलं दागिन्यांचं प्रदर्शन पुन्हा बघायला मिळतं का? संग्रहालयं ते कायमच का मांडून ठेवत नाहीत?

जसंच्या तसं सहसा मिळत नाही. अशा प्रदर्शनातला बराचसा ऐवज उसना आणलेला असतो, मुदत संपली की ज्याचा त्याला परत. स्वतःच्या मालकीचा असला तरी बाहेर राहतोच असं नाही. हैदराबादच्या निजामाचे 173 दागिने भारत सरकारचे आहेत, पण एरवी ते रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत असतात. 2019 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ज्यांनी पाहिले त्यांनी पाहिले.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाने मात्र माझ्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. मी बरीच वर्षं दागिन्यांच्या मांडणीचं काम केलं आहे. हार ज्यावर टेकतो तो आधार, कर्णफुलं धरणारी पितळी तार, हे आम्ही करतो आणि ते कोणाच्या नजरेत आलं नाही तरच काम जमलं म्हणायचं.

सोन्याला काय होतंय, असं सगळ्यांना वाटतं. सोन्याला नाहीच होत. पण हार ओवलेला रेशमी दोरा उजेडाने जीर्ण होतो, मोती आम्लाच्या वाफेने निस्तेज होतात, चांदी गंधकाने काळवंडते. आणि ही वाफ, हे गंधक पुष्कळदा काचपेटीच्या आतूनच येतं: प्लायवूडमधून, गोंदातून, खाली अंथरलेल्या कापडातून.

एका प्रदर्शनाच्या डिझायनरला चांदीच्या दागिन्यांखाली गर्द लाल मखमल हवी होती, तीही लोकरीच्या नमद्यावर, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड थरावर, ताणलेली. लोकरीत गंधक असतं, हे मी त्याला सांगितलं. कापडाची ऑडी चाचणी करू म्हटलं. अँड्र्यू ऑडी यांनी 1973 मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये बसवलेली ही साधी पद्धत आहे: बंद काचनळीत कापडाचा तुकडा, थोडं पाणी आणि चांदी, तांबं, शिसं यांच्या पट्ट्या ठेवायच्या, 60 अंश सेल्सिअसला 28 दिवस. पट्ट्या खराब झाल्या तर कापड बाद. साहेब म्हणाले, उद्घाटन तोंडावर आलंय, नळ्या कसल्या उकडताय? क्युरेटरनेही मान डोलावली.

प्रदर्शन उतरवेपर्यंत चांदी आधी पिवळट, मग तपकिरी झाली होती. नमद्यापासून दूर, अ‍ॅक्रिलिकच्या आधारावर वेगळ्या पेटीत ठेवलेली त्याच संचातली तोडे-जोडी जवळजवळ जशीच्या तशी. तरी बैठकीत खापर फुटलं शहराच्या हवेवर! हवा काय पेटी निवडून आत शिरते? मग चांदी घासून उजळवली. प्रत्येक घासणीत थोडी चांदी जाते, मुलामा असेल तर तोही जातो. एवढं होऊनही त्या संग्रहालयाच्या जुन्या प्रदर्शनांच्या यादीत फोटो आहे तो उद्घाटनाच्या दिवसाचा, लाल मखमलीवर लखलखणारा, खाली डिझायनरचं नाव. उतरवतानाचा फोटो संग्रहालयं सहसा लावत नाहीत. लावायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा कायमची मांडणी नको. दागिने आलटून पालटून बाहेर काढावेत, मधे अंधारात विसावू द्यावेत. कापड आणि कागदाला तर 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर उजेड नकोच.

आता हेही सांगते, म्हणजे कोणी भांडायला येणार नाही: रेशीम, मोती, चांदी यांतलं काही नसेल तर सोन्याचा दागिना वर्षानुवर्षं मांडायला हरकत नसते. आणि प्रदर्शनाच्या दालनातला सगळाच अंधार जपणुकीसाठी नसतो, काही ठिकाणी तो निव्वळ नाटकीपणा असतो. मखमलही सरसकट वाईट नाही. चाचणीत उतरलेलं सुती कापड खुशाल वापरा.

तुम्हाला हुकलेला एखादाच दागिना बघायचा असेल तर प्रदर्शनाचा कॅटलॉग मिळवा. त्यात मालकाचं नाव आणि बहुतेक वेळा वस्तूचा नोंदणी क्रमांक असतो. तो देऊन त्या संग्रहालयाला पत्र लिहा. अभ्यासासाठी वस्तू दाखवण्याची सोय काही ठिकाणी असते. आणि गेलातच, तर खाली काय अंथरलंय ते माझ्या वतीने विचारा.