कासवाच्या पिल्लाची पाठ मऊ लागतेय, काय करू?

प्रश्न: आमच्याकडे कासवाचं पिल्लू आहे, जमिनीवरचं, पाण्यातलं नाही, पाच-सहा महिन्यांचं असेल, तळहातावर मावतं एवढंच. गेले काही दिवस खातच नाहीये, दिवसभर डोळे मिटून कोपऱ्यात पडून असतं आणि काल उचललं तर पाठ बोटाने दाबली की आत जातेय असं वाटलं, पोटाकडची बाजू तर अजूनच मऊ. काचेच्या टाकीत ठेवलंय, खिडकीपाशी, तिथे ऊन भरपूर येतं म्हणून. खायला काकडी, टोमॅटो, लेट्यूस आणि मधेमधे पालक देतो. आपल्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून दिल्या तर चालतील का? ड्रॉपरने दूध पाजू का? पाठ परत कडक होते की आता काहीच उपयोग नाही? प्लीज लवकर सांगा, मुलं रडकुंडीला आलीयेत.

उत्तर: सगळ्यात आधी दूध बंद. कासवाची आई पिल्लाला दूध पाजतच नाही, त्यामुळे ते पचवायची सोयच त्याच्या पोटात नसते. गोळ्याही आत्ता राहू द्या, का ते पुढे सांगते. आणि सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरची अपॉइंटमेंट आजच घ्या, कारण नुसती पाठ मऊ असती तर थोडा वेळ होता, पण मऊ पाठ, खाणं बंद आणि डोळे मिटलेले हे तिन्ही एकत्र म्हणजे पिल्लू बरंच खाली गेलंय. त्यात तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल, नाकातून बुडबुडे येत असतील, पाय थरथरत असतील किंवा उचलल्यावर मान आणि पाय लुळे लोंबत असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, तडक घेऊन जा.

आता हे झालं कशाने ते बघू. कवच म्हणजे कासवाने अंगावर घेतलेलं झाकण नाही, ते त्याचं हाडच आहे. पाठीचा कणा आणि बरगड्या त्यातच जुळलेल्या असतात, वरून नुसता शिंगाच्या जातीच्या पापुद्र्याचा थर. रक्तातलं कॅल्शियम ठरावीक पातळीवर राहिलं नाही तर स्नायू आणि हृदय नीट चालत नाहीत, म्हणून ते कमी पडायला लागलं की शरीर हाडातून काढून रक्तात आणतं. तुमच्या पिल्लाचं तेच झालेलं दिसतंय, आणि हे काल-परवाचं नाही, बरेच आठवडे चालू असणार. याला मेटाबॉलिक बोन डिसीज म्हणतात. तेव्हा पाठीवर काही लावून वगैरे काही होणार नाही, दुखणं पाठीचं नाहीच मुळात.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. अंड्यातून नुकतंच बाहेर आलेल्या पिल्लाचं कवच आपल्या अंगठ्याच्या नखाइतकं लवतं आणि ते नॉर्मल आहे, त्याला घाबरून लोक उगाच औषधं चालू करतात. पण पाच-सहा महिन्यांच्या पिल्लाची पाठ दाबल्यावर आत जात असेल तर ते नॉर्मल नाही. खात्री करायला परत परत दाबून बघू नका, त्याला दुखतं आणि हाड आणखी वाकतं. खालचा जबडा नरम झालाय का, चालताना मागचे पाय ओढतंय का, अंग जमिनीवरून उचलता येत नाहीये का, हे लांबूनही दिसतं, तेवढं बघून डॉक्टरांना सांगा.

आता तुमची खिडकी. ऊन येतं हे खरं, पण काचेतून येतो तो उजेड आणि उष्णता, यूव्हीबी, म्हणजे उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण, काचेतच अडतात. आणि कातडीत डी३ व्हिटॅमिन तयार व्हायला लागतात ते नेमके तेच किरण. डी३ नसेल तर पोटात कितीही कॅल्शियम गेलं तरी ते आतड्यातून रक्तात पुरेसं जात नाही, म्हणजे गोळ्या कुटून घातल्या तरी बऱ्याचशा शीमधून बाहेर. वर उन्हातली बंद काचेची टाकी थोड्याच वेळात इतकी तापते की पिल्लू त्यातच दगावू शकतं, त्यामुळे टाकी तिथून आजच हलवा.

उपचाराचा क्रम सगळ्यात महत्त्वाचा, आणि लोक नेमके उलटे जातात, आधी कॅल्शियम, मग जबरदस्तीने खायला घालणं आणि ऊब शेवटी कधीतरी. कासव स्वतःच्या शरीरात उष्णता तयार करून अंग गरम ठेवत नाही, बाहेरून मिळेल तेवढीच. अंग गार असेल तर पचन चालत नाही, प्रतिकारशक्ती चालत नाही, औषधसुद्धा नीट लागू पडत नाही. म्हणून पहिली ऊब. एका बाजूला दिव्याखाली ३२ ते ३५ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या बाजूला २६च्या आसपास, म्हणजे त्याला हवं तिकडे सरकता येईल, आणि रात्री आजारी पिल्लाला २४च्या खाली जाऊ देऊ नका. जातीप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं, तुमचं नक्की कुठलं आहे ते डॉक्टर बघून सांगतील. थर्मामीटर टाकीच्या भिंतीवर वर चिकटवून उपयोग नाही, पिल्लाच्या पाठीच्या उंचीला काय तापमान आहे ते मोजा. खालून तापणारे दगड मिळतात ते घेऊ नका, पोट भाजतं आणि त्याला कळतही नाही.

दुसरं पाणी. खात नसलेलं पिल्लू आतून सुकत असतं. पसरट भांड्यात कोमट पाणी, हाताला जेमतेम गरम लागेल असं, वरचं आणि खालचं कवच जिथे जुळतं तिथवर, त्याहून जास्त नाही, आणि त्यात दिवसातून दोनदा १५-२० मिनिटं बसवा. समोरून उठायचं नाही, कारण जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही आणि अशक्त पिल्लू एवढ्याशा पाण्यातही बुडतं. पाणी प्यायला लागलं की ते मान लांब करून नाक पाण्यात घालतं आणि गळ्याखालची कातडी हळूहळू वरखाली होताना दिसते. ते दिसलं की निम्मी काळजी मिटली समजा. पाण्यात शी-शू करेल, त्यात पांढरा मऊ लगदा आला तर ठीक, तो रवाळ किंवा खड्यासारखा घट्ट आला तर पाणी कमी पडतंय, डॉक्टरांना तेही सांगा.

तिसरा प्रकाश. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी यूव्हीबीची लांब ट्यूब मिळते, ती दिवसातून १० ते १२ तास. पिल्लापासून किती अंतरावर लावायची ते पाकिटावर दिलेलं असतं ते पाळा, आणि ट्यूब आणि पिल्लू यांच्या मधे काच किंवा प्लास्टिक नको, बारीक जाळीसुद्धा बराच भाग अडवते. ट्यूब दिसायला लख्ख पेटत असते पण यूव्हीबी आधीच संपत आलेलं असतं, म्हणून वर्षभराने बदलायचीच. नुसता पिवळा गरम बल्ब ऊब देतो, यूव्हीबी देत नाही, दुकानदार काहीही सांगो. उघड्यावरचं कोवळं ऊन मिळालं तर त्याच्यासारखं काही नाही, पण निम्म्या भागात सावली पाहिजे आणि तुम्ही शेजारी बसलेले पाहिजेत, कावळा असलं पिल्लू उचलून नेतो, कुत्र्याचं तर बोलायलाच नको.

आणि मग, हे तिन्ही झाल्यावर, खाणं आणि कॅल्शियम. खाण्यात फॉस्फरसच्या दुप्पट तरी कॅल्शियम असावं लागतं. काकडी आणि लेट्यूस म्हणजे बहुतेक पाणीच, टोमॅटोत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त, आणि पालकात ऑक्झॅलेट असतं जे असलेलं कॅल्शियमही बांधून ठेवतं. म्हणजे तुम्ही हिरवं-ताजं मनापासून देत होतात पण हाडाला त्यातून काहीच मिळत नव्हतं. तुतीची पानं, जास्वंदीची पानं आणि फुलं, डँडेलियन, कोवळं गवत यावर या, फवारलेलं नको. बारीक चिरा, वर फॉस्फरस नसलेल्या कॅल्शियम कार्बोनेटच्या पावडरची चिमूट. डी३ घातलेली पावडर मात्र मनाने रोज देऊ नका. कातडीत उन्हाने तयार होणारं डी३ शरीर स्वतः आवरतं, पोटातून जास्त गेलेलं त्याला आवरता येत नाही, आणि मग कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत साठायला लागतं. माणसांच्या गोळ्यांत बहुतेक वेळा डी३ असतंच आणि एवढ्याशा जिवाला त्याचा डोस घरी काढता येणार नाही, म्हणून नको म्हटलं. खूपच कमी असेल तर डॉक्टर कॅल्शियमचं इंजेक्शन किंवा सिरप देतील, एक्स-रे काढतील, ते होऊ द्या.

तोंड उघडून खायला घालू नका हेही सांगते. गार आणि सुकलेल्या पोटात अन्न तसंच कुजतं, आणि नरम पडलेला जबडा उघडायच्या नादात मोडू शकतो. लागलंच तर डॉक्टर नळीने भरवतील आणि तुम्हालाही शिकवतील.

औषधांचं अजून एक, आणि हे खरंच कुणाला तरी वाचून दाखवा. आयव्हरमेक्टिन नावाचं जंतांचं औषध कुत्र्या-गुरांना सर्रास देतात, कासव त्याने मरतं. थोडं दिलं तर चालेल असं काही नाही, द्यायचंच नाही. डोळे सुजलेत म्हणून व्हिटॅमिन ए चं इंजेक्शन अंदाजाने टोचणारेही भेटतात, ते जास्त झालं तर कातडी सोलून निघते. कासवांचा अनुभव नसलेल्या डॉक्टरकडे जायची वेळ आली तर या दोन्हींबद्दल स्पष्ट विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बाकी सोय साधी ठेवा, खाली माती-भुसा काही नको, टिश्यू पेपर घाला म्हणजे शी दिसते आणि रोज बदलता येतो. चढायला दगड नको, पडलं तर आत्ता हाड लगेच मोडेल. उचलताना पोटाखाली पूर्ण तळवा, दोन बाजूंनी चिमटीत धरायचं नाही, आणि मुलांनी काही दिवस नुसतं बघायचं. ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा आणा, रोज एकाच वेळी वजन लिहून ठेवा, डॉक्टरांना तुमच्या "बरं वाटतंय" पेक्षा त्या वहीचा जास्त उपयोग.

पाठ परत कडक होते का? हो, होते, पण ती सगळ्यात शेवटी. आधी डोळे उघडतील, मग हालचाल, मग भूक, आणि कवचात फरक जाणवायला काही आठवडे, नीट घट्ट व्हायला महिने लागतात. आत्ता आलेला चपटेपणा किंवा वाक कायमचा राहू शकतो, त्याने जगण्यात फारसं अडत नाही. काही पिल्लं एवढं करूनही दगावतात, खाणं किती दिवस बंद होतं आणि मूत्रपिंडं कितपत चालतायत यावर खूप आहे, मुलांनाही हे आधीच सांगून ठेवा.

प्रश्न: कवच मजबूत व्हावं म्हणून पाठीला तेल लावतात म्हणे, किंवा पारदर्शक नेलपॉलिश. खरं का?

उत्तर: दोन्ही नको. तेलावर धूळ बसते आणि खाली बुरशी धरते, नेलपॉलिशमधलं सॉल्व्हंट अंगात जातं. चकचकीत दिसतं एवढंच. घाण झाली तर मऊ टूथब्रश आणि साधं पाणी.

प्रश्न: माझं कासव पाण्यातलं आहे, चांगलं खातं-पोहतं, पण पाठ पहिल्यापासून मऊ आणि चपटी, नाक लांब नळीसारखं. यालाही कॅल्शियम चालू करू का?

उत्तर: तुमच्या वर्णनावरून ते मऊ पाठीच्याच जातीचं वाटतंय. या कासवांच्या कवचावर कडक पापुद्रे नसतात, कातडी असते, कडेने तर ती लवतेच. आजार नाही तो. हा, त्यावर पांढरे किंवा लाल चट्टे, खड्डे, वास असं काही आलं तर ते इन्फेक्शन, मग दाखवा. बरेचदा पाणी घाण असतं हेच कारण निघतं.

प्रश्न: आजारी कासवामुळे घरातल्या लहान बाळाला काही होईल का?

उत्तर: कासव आजारी असो वा ठणठणीत, त्याच्या शीत साल्मोनेला नावाचा, जुलाब-ताप आणणारा जंतू असू शकतो. अमेरिकेत १९७५ मध्ये ४ इंचांपेक्षा लहान कासवं विकायला बंदी आली ती याच कारणाने, लहान मुलं ती तोंडात घालायची. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई आणि प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी, यांनी हाताळायचं नाही. बाकीच्यांनी दर वेळी साबणाने हात धुवायचे, आणि आंघोळीचं भांडं, काटा, ब्रश सगळं वेगळं ठेवायचं. ते पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका, टॉयलेटमध्ये ओता.

प्रश्न: थंडी आली की कासवं झोपतात ना, मग आजारी पिल्लाला तसंच झोपू दिलं तर आराम नाही का मिळणार?

उत्तर: नाही. काही जाती थंडीत झोपतात, काही अजिबात नाही, पण आजारी आणि वजन घटलेलं पिल्लू कुठल्याही जातीचं असो, त्या वर्षी झोपू द्यायचं नाही. दिवे आणि ऊब चालूच ठेवा, आणि वजन पूर्ववत येऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत तो विषय काढूच नका.